सावलीतलं अर्घ्य

भवानी पेठ, सोलापूर
ता. २ जानेवारी १९७४

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकटा भाऊ त्रिंबक याचा दंडवत.

येसू माझ्या घरी सुखरूप आहे, हे सगळ्यांत आधी लिहितो. तुम्ही माढ्याच्या बाजाराला गेला होता तेव्हा मी तुमच्या लेकीला एस्टीत बसवून सोलापूरला आणली. हे मी एकट्यानं ठरवलं. घरातल्या कुणाला बोल लावू नका.

तुमचा निरोप पोचला. "त्रिंबकला म्हणावं, पोरगी माघारी आणल्याबिगर माझा उंबरा चढू नगंस." नाही चढणार. पण पोरगी एवढ्यात माघारी आणता येणार नाही, म्हणून हे पत्र.

तिच्या गालावरची जखम दत्तजयंतीला मी गावी आलो तेव्हा पाहिली. तुम्ही म्हणालात, गेल्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर खडी फोडताना कपची लागली, भरून येईल. दसरा झाला, दिवाळी झाली, जखम भरली नाही. कडा वर आल्या आहेत, मधे खोल आहे. खपली धरते आणि तोंड धुतलं की निघते. माझ्या हाताला रंगाच्या भट्टीवर किती वेळा भाजलं, आठ-पंधरा दिवसांत बरं झालं. जी जखम बरी व्हायचं नाव घेत नाही ती मला साधी वाटली नाही.

इथल्या सरकारी दवाखान्यात कातडीचे डॉक्टर आहेत. वयानं तरुण, बोलायला सावकाश. त्यांनी खोदून खोदून विचारलं, म्हणून मला सगळं सांगावं लागलं. येसू जन्मली तेव्हा केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. सुईण म्हणाली, पोरगी कच्ची निघाली, उन्हात पिकवा. तेव्हापासून तेल लावून तिला अंगणात उन्हाला निजवलं. वहिनींनी सूर्यनारायणाला नवस बोलला, की ही दर रविवारी उघड्या डोक्यानं उगवतीला तोंड करून उभी राहील, ऊन डोक्यावर येईपर्यंत. ते तिनं कळायला लागल्यापासून आजतागायत पाळलं. यंदा रथसप्तमीला व्रत पुरं व्हायचं आहे. तुमच्या रागाचं खरं कारण तेच, हे मला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. जखमेचा बारीक तुकडा तपासायला काढून घेतला आहे. जखम जुनी आहे म्हणाले. बाकी काही नाही.

येसूला इथं करमतं. सोजरनं तिला चुलीपाशी बसवून घेतलंय. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
त्रिंबक


सोलापूर
ता. ९ जानेवारी १९७४

ती. दादांना दंडवत.

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

मागच्या पत्रात 'बाकी काही नाही' असं लिहिलं ते खरं नव्हतं. डॉक्टरांना पहिल्या दिवशीच संशय होता. आता तपासणी होऊन आली. कर्करोग आहे, कातडीचा. हा शब्द लिहिण्याआधी मी टाक बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

पण पुढचं वाचा. डॉक्टर म्हणतात, अजून वरच्यावर आहे, गळ्यात गाठ धरलेली नाही. तेवढी जागा कापून काढली आणि मांडीची कातडी तिथं लावली, तर पोरगी म्हातारी होईल. जागा तशीच ठेवली तर गाल जाईल, मग डोळा, मग सगळंच.

मी विचारलं, कशानं झालं?

ते म्हणाले, "उन्हानं."

दादा, मला त्यांचा राग आला. रोज उगवतीला तांब्याभर पाणी सोडल्याशिवाय मी चहा घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ज्याच्यामुळे दाणा पिकतो त्याच्यावर हा माणूस आळ घेतो, असं वाटलं. मी उठून उभाच राहिलो. ते म्हणाले, "बसा तात्या, भांडण सूर्याशी नाही." मग त्यांनी खिडकी लावून घेतली आणि टेबलावरची बॅटरी पेटवून येसूच्या बोटाच्या मागं धरली.

बोट लाल झालं. जास्वंदीच्या पाकळीसारखं, आतून. येसू बघतच राहिली. मग त्यांनी माझं बोट धरलं. तेही लाल झालं, जरा गडद. म्हणाले, "उजेड सगळ्यांच्याच आत जातो. पण उन्हात न दिसणारा एक भाग असतो, तो जाळतो. तुमच्या कातडीत रंग आहे, तो तिथं अडतो. हिच्यात रंगच नाही, म्हणून सरळ आत जातो. रंग म्हणजे जन्मताना मिळालेली छत्री. हिला ती मिळाली नाही."

मी म्हणालो, "ती उन्हात राहूनच यायची होती की."

"छत्री नसलेल्याला पावसात उभं केलं, तर त्याला छत्री फुटते का?"

यावर येसू हसली. जखमेमुळे तिला एकाच बाजूनं हसता येतं.

घरी आलो आणि हात समोर धरून बसलो. माझे हात तुम्ही पाहिलेत, निम्मे जन्माचे काळे आणि निम्मे रंगाच्या हौदाचे. आई मला काळू म्हणायची. लग्नात सोजरची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "नवरा काय कोळशाच्या वखारीतनं आणला का गं?" तेव्हा पंगत हसली आणि मी मान खाली घातली. आणि आता कळतं, की ते देणं होतं. लुगड्याच्या पदराइतकीही जाडी नाही, आणि त्याच्यावर सूर्य अडतो. एवढा मोठा तो, कुठून कुठून येतो, समुद्र आटवतो, आणि माझ्या काळ्या मनगटाशी येऊन थांबतो. पन्नाशी जवळ आली तरी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी हातपाय धुताना मला जरा संकोच वाटला, देवाची वस्तू धुतोय असा.

रविवारची एक गोष्ट लिहायची राहिली. येसू इथंही व्रत मोडायला तयार नव्हती. पहाटे उठून आमच्या सूत रंगवायच्या कारखान्याच्या मागच्या पटांगणात उभी राहिली, गाल तसाच उघडा, डोळे मिटलेले. तुम्हाला माहीतच आहे, उन्हात तिला डोळे उघडता येत नाहीत. मालकांची आई सुंदरम्मा तिथं सूत वाळत घालणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवते. तेलगू बाई, मराठी तिच्या पद्धतीचं. ती मला हाक मारून म्हणाली, "ए त्रिंबक, ही पोरगीला उनात कशाला ठेवला?"

मी म्हणालो, "रंग यावा म्हणून."

"येडा झाला काय तू? इतका वर्ष रंगात हात घालतो. रंगाचा सूत कुठं वाळवतो तू?"

"सावलीत."

"का?"

"उन्हात रंग उडतो."

"आन् कोरा सूत?"

"उन्हात. पांढरं व्हायला."

"मग?" एवढं बोलून ती दोऱ्यांकडे वळली.

दादा, रोज माझ्या हातानं मी रंगवलेलं सूत सावलीत टांगतो. तरी पोरीच्या बाबतीत ते मला सुचलं नाही, तुम्हालाही नाही, अख्ख्या गावात कुणालाच नाही. सगळ्यांनी मायेनंच तिला उन्हात धरलं. यात कुणाचा दोष मी धरत नाही. तुम्हीही कुणाचा धरू नका, वहिनींचा तर नाहीच.

आपला,
त्रिंबक


सोलापूर
ता. १६ जानेवारी १९७४

ती. दादांना दंडवत.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. येत्या सोमवारी, एकवीस तारखेला. पण येसू तयार नाही. ते सांगण्याआधी सिद्धप्पाचं सांगतो.

दवाखान्याच्या ओसरीवर एक माणूस रोज भेटतो. अक्कलकोटच्या पलीकडचा, कानडी मुलखातला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, फक्त डोळे दिसतात, येसूच्या डोळ्यांसारखेच एका जागी न ठरणारे. वय माझ्याएवढं असेल. तो येसूकडे बघून म्हणाला, "काय बाई, तू पण साहेबाच्या जातीची काय?"

येसू बावरली. मग हळूच म्हणाली, "मला गावात मडम म्हणत्यात."

"मला साहेब. शेळ्या राखतो, तरी साहेब." मग त्यानं टॉवेल सोडला. नाकाची एक बाजू नाही. एक कान नाही. "साहेबाचा कान कुत्र्यानं नेला, असं पोरं म्हणतात. कुत्र्यानं नाही, उनानं नेला. चार वरीस फोड होता, मी त्याला हळद लावला, चुना लावला, अंगारा लावला. दवाखाना नाही. तू लवकर आलीस, बरं केलीस."

येसूनं विचारलं, "तुमाला सूर्याचा राग येत न्हाय?"

तो म्हणाला, "राग कशाला? तो लई मोठा हाय. आपुन त्याच्यासमोर डोकं झाकून जायचं. पाटलासमोर जातो की नाही तसं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत गेलो. नंदीध्वज निघाले होते, माणसांचा समुद्र, वर ऊन. गर्दीतून वाट काढत देवळात गेलो आणि गाभाऱ्यापाशी उभा राहिलो. आत अंधार, एक समई. आयुष्यभर देवळात गेलो, पण गाभारा काळोखा का ठेवतात, हा विचार मनात आला नव्हता. त्या दिवशी आला. थोर लोकांनी काय म्हणून ठेवला असेल ते मला ठाऊक नाही. मला आपलं वाटलं, तेज फार झालं की मधे काहीतरी धरावं लागतं. सावलीत उभं राहून पाहिलं म्हणून भक्ती कमी होत नाही. हात जोडले. बाहेर आल्यावर सूर्याकडेही हात जोडले, मान खाली घालून.

हे सगळं मी येसूला सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "तात्या, तुमचं खरं असंल. पर आबा व्हय म्हणल्याबिगर मी सुरी लावून घेणार न्हाय."

मी म्हणालो, "तुझ्या आबांनी नाही म्हटलं तर?"

"तर जाईन माघारी. व्रत आबाच्या घरातलं हाय. मी मधीच टाकून आले, तवापासून त्यांनी माझं नाव घेतलं नसंल. तसल्या जीवाला गाल कशाला पायजे?"

सोजर तिला रागावली. मी नाही रागावलो. येताना एस्टीत तिनं भाकरीचं फडकं सोडलं होतं, भाकरी अजून गरम होत्या, ती घास हातात धरून रडत होती आणि मला म्हणाली होती, आबाला न सांगता आले हेच लागलंय.

गरम भाकरीचं लिहून गेलो. दादा, आता खोडत नाही. तुम्ही समजलाच असाल, त्या कुणी बांधून दिल्या. त्या दिवशी वहिनी फडकं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "भावजी, न्या हिला. मी बोललेलं देव माझ्याकडनं वसूल करंल." तेवीस वर्षं त्या मनात काय घेऊन वावरल्या असतील, याचा विचार करा. त्यांच्यावर आवाज चढवू नका. माझं काय ते माझ्यावर काढा.

सोमवारी सकाळी येसूला आत नेतील. दोन ओळी लिहा. तिच्या नावानं लिहा, माझ्या नको.

आपला,
त्रिंबक


सोलापूर
ता. १८ जानेवारी १९७४

दादा,

आज कार्डच लिहितो, लवकर पोचेल. उत्तर नाही. डॉक्टरांना मी दिवस पुढं ढकलता येईल का विचारलं. ते म्हणाले, ढकला, पण ती जखम तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हणून सोमवारच ठेवला आहे.

आणखी एक. शेजारच्या वाडीवर बजाबाईच्या सुनेला असंच पांढरं पोर झालंय, असं येसू सांगते. त्यालाही तेल लावून अंगणात निजवतात. डॉक्टर म्हणाले, तिला कुणीतरी सांगा. पोराला उन्हापासून झाका, लांब हाताचं अंगडं घाला, डोक्याला टापर बांधा, मोठं झालं की दुपारच्या उन्हातलं काम देऊ नका. आणि अंगावरचा कुठलाही फोड महिनाभरात बरा झाला नाही तर दवाखान्यात आणा. मी इथून काय सांगणार? माझ्यावर राग असेल तो असो. त्या पोरावर तर तुमचा राग नाही.

त्रिंबक


सोलापूर
ता. १ फेब्रुवारी १९७४

ती. दादांना दंडवत.

तुम्ही आलात आणि गेलात, आणि या दहा दिवसांत आपण एकमेकांशी काही बोललो नाही. म्हणून लिहितो. काही गोष्टी तुमच्या पाठीमागं घडल्या, त्या तुम्हाला कळायला हव्यात.

सोमवारी सकाळी येसू खाटेवर पाय खाली सोडून बसली होती, पिशवी भरून. परत निघायचं म्हणून. दारात तुम्ही दिसलात. पटका बांधलेला, पायात एस्टीची धूळ. नर्सबाई म्हणाल्या, आत यायची वेळ नाही. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंच नाही. येसूपर्यंत आलात आणि "व्हय" म्हणालात. एवढंच. मग बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसलात.

ती पिशवी येसूनं उशाशी ठेवली आणि आडवी झाली. नर्सबाई मला विचारत होत्या, "हे कोण? काय 'व्हय' म्हणाले?" मी म्हणालो, "हिचे वडील. आता घ्या हिला आत."

सोजरची भाकरी तुम्ही खाल्ली, फडकं घडी करून परत दिलंत, पण धर्मशाळेतच राहिलात, माझ्या घरी नाही. ते मी समजू शकतो. ओसरीवर सिद्धप्पाशी मात्र तुम्ही तास तास बोलत होता, हे मी पाहिलं. तो मला म्हणाला, "तुझा भाऊ कमी बोलतो, विचारतो लई. माझा कान कसा गेला ते दोनदा विचारला."

कापलेल्या जागेच्या कडा तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. मांडीची कातडी गालावर धरली आहे. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवलं. पायाची कातडी तोंडावर जाऊन रुजली, दादा. कलम धरावं तशी. माणसाच्या हातून असलं होतं आणि ते होऊ देणारा कुणी वर आहे, या दोन्हींपुढे मी तिथंच हात जोडले. डॉक्टरांना वाटलं, त्यांनाच.

आता रथसप्तमी. मंगळवारी येसूला घरी आणलं. बुधवारी पहाटे तुम्ही आमच्या अंगणात येऊन उभे राहिलात. उंबरा मात्र चढला नाहीत. सोजरनं गोवऱ्या पेटवून दूध ठेवलं होतं. येसू दारात आली, गालावर पट्टी, हातात तांब्या. तिला बाहेर यावं की नाही कळेना. डॉक्टरांनी ऊन लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि व्रताचा शेवटचा दिवस. सूर्य समोरच्या कौलांवर आला होता.

तेव्हा तुम्ही डोक्यावरचा पटका सोडलात.

आपले वडील वारले त्या दिवसानंतर मी तुम्हाला चारचौघांत उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. डोक्यावरचे केस पार गेलेत तुमचे. तुम्ही तो पटका तिच्या डोक्याला गुंडाळलात, मग कपाळावरून, मग गालावरून, उरलेलं टोक गळ्याभोवती खोचलंत. तिचे फक्त डोळे राहिले. मग तुम्ही तिच्या पुढं जाऊन सूर्याकडे तोंड करून उभे राहिलात, आणि तुमची सावली तिच्या अंगावर पडली. मोठ्यानं म्हणालात, "नारायणा, पोरगी आलीया. हिच्या आयनं, पारूनं, बोललेलं पुरं झालं. तुझं तू घे, तिचं तिला ऱ्हाऊ दे."

दूध उतू गेलं. येसूनं तुमच्या सावलीतून हात पुढं करून पाणी सोडलं.

हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या पाठीमागचं आता लिहितो.

कळायला लागल्यापासून दर रविवारी ती सूर्यासमोर उभी राहिली, पण डोळे मिटून. ज्याच्यासाठी उभी राहायची त्याची उगवती तिनं कधी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी तुमच्या सावलीत तिनं डोळे उघडले. पुरते उघडले. मी शेजारी उभा होतो. तिची नजर आधी तांब्याच्या धारेवर गेली, मग वर, तुमच्या मानेवर, मग तुमच्या डोक्याभोवती जो उजेड फाकला होता त्याच्यावर. मग माझी बाही ओढून पटक्याआडून हसत कानात बोलली,

"तात्या, बगा की. आबाच्या कानात दिवं लागल्यात."

मी पाहिलं. ऊन पलीकडून तुमच्या दोन्ही कानांतून येत होतं आणि कान लाल झाले होते, दवाखान्यात तिचं बोट झालं होतं तसे. तुम्ही हात जोडून उभे होता, तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. तोच सूर्य, दादा. तुमच्यात तो दिवा लावून थांबला, पलीकडे तिच्यापर्यंत गेला नाही.

येसूला अजून महिनाभर इथं ठेवावं लागेल. पटका तिच्याकडेच आहे. धुऊन दिला, पण परत पाठवू का विचारलं तर नाही म्हणते. तुम्ही नवा घ्या.

एस्टीत बसताना तुमच्या काखेत नवी काळी छत्री होती, लहान मुलाची. येसूसाठी तर आम्ही मोठी घेतली आहे. कुणासाठी ते मी विचारलं नाही. बजाबाईच्या नातवाला माझाही आशीर्वाद सांगा.

आपला,
त्रिंबक